पिवळ्या विटांचे स्वयंपाकघर

ॲन आर्बर

मिशिगनमध्ये मार्च महिना कॅलेंडरवर वसंताचा असला, तरी रस्त्यावर तो हिवाळ्याचाच असतो. कडेला सारून ठेवलेला बर्फ तोपर्यंत कोळशाच्या भुकटीसारखा काळा पडलेला असतो आणि बस येईपर्यंत हातमोज्यांच्या आत बोटे बधिर होतात. १९८६ सालच्या अशाच एका सकाळी माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांनी मला बोलावून सांगितले, की प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणासाठी मला हव्या असलेल्या विटा लुइझियानात मिळण्यासारख्या आहेत. मिसिसिपीच्या काठी उसाच्या एका जुन्या मळ्यावर, इथल्या यादवी युद्धापूर्वी बांधलेले मोठे घर आहे. त्याचे व्यवस्थापक त्यांच्या ओळखीचे आहेत. मी आठवडाभराच्या सुट्टीत जाऊन नमुने घेऊन यावे.

माझा विषय जुन्या विटांचा आहे. वीट किती आचेवर भाजली गेली होती हे शतक उलटून गेल्यावरही तिच्याकडून वदवून घेता येते, फक्त प्रश्न विचारायची पद्धत ठाऊक हवी. अकरा ठिकाणच्या विटा तपासून झाल्या होत्या. बारावे ठिकाण मिळाले, की तक्ता पूर्ण, प्रबंध पूर्ण आणि उन्हाळा सरेपर्यंत नावामागे ‘डॉक्टर’. मी एक हातोडी, दोन छिन्न्या, बारीक मापे घ्यायचा कॅलिपर, कॅमेरा आणि बारा नमुन्यांसाठी कापूस घातलेला खोका बरोबर घेतला. विमानतळावर त्या छिन्न्यांचा खुलासा करण्यात बराच वेळ गेला.

त्या घराचे नाव मी इथे लिहीत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते त्याच्या मालकांना आवडेलच असे नाही, आणि वाचकांनाही त्या नावावाचून काही अडणार नाही.

नदीकाठी

माझा मुक्काम बॅटन रूजला मुळे काका-काकूंकडे होता. हे माझ्या मावशीचे नागपूरचे शेजारी. काका तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात अभियंता होते. सोमवारी सकाळी काकूच मला गाडीने सोडायला निघाल्या. रस्ता नदीच्या बांधाला धरून जातो. नदी दिसत नाही. दिसतो तो दोन पुरुष उंचीचा, गवताने मढलेला लांबच लांब बांध. अधूनमधून रासायनिक कारखान्यांची धुराडी येतात, मग पुन्हा उसाची रिकामी शेते. धुके होते. त्या धुक्यात, आमच्या डोक्यांहून बऱ्याच उंचावरून, बांधाच्या माथ्याला घासून एक पांढरी इमारत संथपणे सरकत गेली. मी दचकून काकूंकडे पाहिले.

“जहाज आहे ते,” काकू म्हणाल्या. “नदी आपल्यापेक्षा वर आहे इथे. मीपण पहिल्या वर्षी घाबरायची. आता सवय झाली, ओव्हरटेक करून गेलं तरी बघत नाही.”

कारण साधे आहे: नदी गाळ आणते, पात्र उंचावते, माणसे बांध उंचावतात. पण कारण कळल्याने ते दृश्य जमिनीवर उतरले नाही. त्या आठवड्यात मी पाहिलेले बरेच काही असेच होते. समजत होते, तरी स्वप्नात पाहिल्यासारखे वाटत होते.

घराकडे जाणारा मार्ग ओक वृक्षांच्या दोन रांगांमधून जातो. फांद्या जमिनीपर्यंत वाकून पुन्हा वर उठलेल्या, आणि त्यांवरून करड्या जटांसारखे शेवाळ लोंबत असलेले. वारा नसतानाही ते हलते. त्या बोगद्याच्या टोकाला घर उभे होते: चारी बाजूंनी रुंद सज्जे, त्यांना पेलणारे पांढरे भव्य खांब, वर उतरते छप्पर. नदीच्या पुराला भिऊन तळमजला फक्त विटांचा आणि कोठारांचा ठेवलेला. माणसे राहत ती वर. खोल्यांना जोडणारा आतला बोळ नाही. प्रत्येक खोलीची दारे सज्ज्यात उघडतात आणि समोरासमोर येतात, त्यामुळे नदीवरचा वारा घराच्या आरपार जातो. जिनासुद्धा बाहेरच्या सज्ज्यातच. आपल्याकडे घर आत वळून चौकाकडे तोंड करते. हे घर चारी अंगांनी बाहेर पाहत होते.

फुगीर घेराचा झगा घातलेली मार्गदर्शक मुलगी आम्हाला खोल्या दाखवत होती. आतल्या बहुतेक गोष्टी आपण दुसरेच काही असल्याचे भासवत होत्या. संगमरवरी दिसणारी शेकोटी रंगवलेल्या लाकडाची. ओकची वाटणारी दारे सायप्रसची, त्यांवर पिसाच्या कुंच्याने एकेक रेषा काढून ओकच्या शिरा उमटवलेल्या. खांबांना टिचकी मारली तेव्हा कळले, की तेही दगडाचे नव्हेत. अर्धगोल विटा रचून वर चुन्याचा गिलावा केलेला. एका खोलीत भिंतीचा एक चौकोन मुद्दाम उघडा ठेवला होता: आत चिखलात कालवलेले तेच झाडावरचे करडे शेवाळ. आमच्या कऱ्हाडला मातीत भाताचे तूस घालतात, त्यातलाच हा प्रकार. मला एकदम घरी आल्यासारखे वाटले.

हे सारे कोणी केले, असे मी त्या मुलीला विचारले. तिने गोड हसून मालकाचे नाव सांगितले.

दोन ओळी

व्यवस्थापक मिस्टर हॉलिस हे मालक कुटुंबातलेच, पन्नाशीचे, अत्यंत अगत्यशील गृहस्थ होते. त्यांनी मला चिकोरीच्या मुळांची पूड घातलेली दुधाळ कॉफी दिली आणि ‘डॉक्टर’ म्हणून संबोधले.

“मी अजून डॉक्टर नाही,” मी म्हटले.

“आमच्याकडे आल्यावर लवकर होतात,” ते म्हणाले. “खांबांच्या विटा हव्यात ना तुम्हाला? मिळतील. शुक्रवारी आमच्या कुटुंबाच्या मंडळाची बैठक आहे. ती झाली, की परवानगीच्या कागदावर सही करतो. त्याआधी माझं एक छोटं काम करा.”

काम असे होते. मुख्य घराच्या मागे, तीसेक पावलांवर, एक सुटी बैठी इमारत होती: जुने स्वयंपाकघर. आगीच्या भीतीने इथे स्वयंपाकघर नेहमी घरापासून दूर बांधत. पर्यटकांच्या बसगाड्या वाढल्या होत्या, त्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि स्वयंपाकघर पाडले तर ती होणार होती. कुटुंबातील काहींचा आग्रह होता, की मूळ घराइतकी जुनी वास्तू पाडू नये. इतरांचे म्हणणे होते, की ती पुष्कळ नंतरची आहे. हा निवाडा मी करायचा होता.

मी मागे जाऊन पाहिले. घराच्या तळमजल्याच्या विटा गडद लाल, नखाने ओरखडा न उठणाऱ्या. स्वयंपाकघराच्या विटा पिवळट नारिंगी, मऊ. पावसाने त्यांच्या कडा झिजून गेलेल्या. मी नखाने एक रेघ ओढली आणि भुकटी बोटाला लागली. पाच मिनिटांत परत येऊन मी सांगितले, की विटा स्पष्टपणे वेगळ्या आहेत. माती किंवा कारागीर बदललेले दिसतात. इमारत बहुधा नंतरची.

“हे दोन ओळींत लिहून द्याल?” मिस्टर हॉलिस म्हणाले.

मी दिल्या. खाली सही केली, विद्यापीठाचे नाव लिहिले. दोन्ही ओळी नेटक्या होत्या.

सोमवारचा राजमा

नमुने शुक्रवारनंतर मिळणार असल्याने उरलेला दिवस मी मोजमापे घेण्यात घालवायचे ठरवले आणि पुन्हा स्वयंपाकघराकडे गेले. आता त्याचे दार उघडे होते. आत सत्तरी ओलांडलेली, ताठ पाठीची एक काळी बाई विजेच्या शेगडीवर साखर आटवत होती. पर्यटकांना विकायच्या पेकन-वड्या, म्हणजे पेकन या अक्रोडासारख्या फळाच्या वड्या, ती इथे करीत असे. आपल्या चिक्कीचीच बहीण, फक्त मऊ. सगळे तिला मिस अर्नेस्टीन म्हणत. दक्षिणेत वडीलधाऱ्या बाईच्या पहिल्या नावामागे ‘मिस’ लावतात. आपण नावापुढे ‘ताई’ लावावे तसे.

“तूच का ती विटांना प्रश्न विचारणारी?” तिने वळून न पाहता विचारले. “बस. सोमवार आहे. सोमवारी इथे लाल घेवडा आणि भात. पूर्वी सोमवारी धुणं असायचं, भांडं एकदा चुलीवर ठेवलं की विसरून जाता यायचं. तुझ्याकडे भात खातात?”

“दोन वेळा.”

“मग तू माणसात आहेस. मिशिगनचे लोक बटाट्यावर जगतात म्हणे.”

तो घेवडा म्हणजे आपला राजमाच होता, फक्त मसाल्याऐवजी धुराचा वास असलेला. जेवण झाल्यावर तिने मला चुलीच्या डाव्या अंगाला नेले. कमरेच्या उंचीवर एका पिवळ्या विटेत चार लहान खळगे होते, ओळीने, किंचित तिरपे. ओली वीट कोणीतरी बोटांत धरून उचलली होती.

“माझ्या आजीची आई,” मिस अर्नेस्टीन म्हणाली. “ती इथे गुलाम होती. मालकाचं घर बांधायचं ठरलं, तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. पोरांचं काम विटा उलटायचं. साच्यातून काढलेली वीट उन्हात अर्धी वाळली, की दुसऱ्या कुशीवर करायची. आजीनं मला इथे उभं करून दाखवलं होतं. तिच्या आईला थडगं नाही. फोटो नाही. ही चार बोटं आहेत. घाल बघू तुझी बोटं.”

मी कॅलिपर काढला. एका खळग्याची रुंदी अकरा मिलिमीटर भरली. मी ती वहीत लिहिली.

मिस अर्नेस्टीनने वहीत डोकावले. “काय म्हणाली वीट?”

“अकरा मिलिमीटर.”

“हं,” ती म्हणाली. “आणि मिस्टर हॉलिस म्हणतात, तू लिहून दिलंस की हे सगळं नंतरचं आहे. शुक्रवारी मंडळाला दाखवणार आहेत. म्हणजे माझी आजी खोटं बोलली.”

तिचा स्वर चढलेला नव्हता. ती पुन्हा साखरेकडे वळली, कारण साखर थांबत नाही. चुलीखाली आपोआप गळून पडलेला एक पिवळा तुकडा होता. तो घेऊ का, असे मी विचारले. तिने खांदे उडवले.

काकूंचा गणपती

संध्याकाळी बॅटन रूजला जेवताना मी सगळा प्रकार सांगितला. सांगता सांगता स्वतःचे समर्थनही करीत होते: रंग वेगळा, काठिण्य वेगळे, निष्कर्ष उघड आहे.

काकू पोळीला तूप लावत होत्या. “अगं, आमचं धरमपेठेतलं घर बांधलं ना, तेव्हा विटांचा ट्रक आला तो तीन रंगांचा. बाबा भट्टीवाल्याशी भांडले, फसवतोस का म्हणून. तो म्हणाला, साहेब, आगीजवळची लाल, कडेची पिवळी. भट्टी एकच हाये. लाल बाहेर लावा, पिवळी आतल्या भिंतीला घाला.”

माझा घास हातात राहिला. मी कृष्णाकाठची. शाळेच्या वाटेवर वीटभट्ट्या होत्या. भट्टी उकलताना मधून लाल आणि कडेने फिकट विटा निघताना मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या. विटा उलटणारी पोरेसुद्धा पाहिली होती. अमेरिकेत येऊन भट्ट्यांच्या तापमानाची समीकरणे मांडत होते, आणि ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. प्रयोगशाळेत माझ्यापुढे वीट येई ती एकटीच. तिच्या शेजारणी मी विसरून गेले होते.

“पण सिद्ध करायला तुकडा पुन्हा भाजायला हवा,” मी म्हटले. “हजार अंशांच्या आसपास. माती तीच असेल, तर लाल होईल. आणि माझी भट्टी मिशिगनमध्ये आहे.”

“माझी आहे की इथे,” काकू म्हणाल्या.

इथल्या बायकांत त्या वर्षी मातीच्या वस्तू साच्यात ओतून, रंगवून, भाजून घेण्याचे भारी वेड होते. गल्लीच्या टोकाला अशा कामाचे एक दुकान होते आणि काकू तिथे दर मंगळवारी जात. तिथल्या साच्यांत कुत्री, भोपळे आणि ख्रिसमसची झाडे होती. काकूंनी मात्र स्वतःच्या हाताने गणपती घडवला होता. तो दुसऱ्या दिवशी भट्टीत जायचा होता. दुकानदारीण बाईंना त्यांनी सांगितले, “ही माझी भाची. सायंटिस्ट आहे. हिची वीट माझ्या गणपतीशेजारी ठेवायची.” बाईंनी काहीही न विचारता ठेवली.

मंगळवारचा दिवस फार हळू गेला. मी काकूंच्या अंगणात अझेलियाच्या गुलाबी झुडपांपाशी बसून दोन ओळी मनात पुन्हा पुन्हा वाचत होते. खांबांचे नमुने मिळाले नाहीत, तर वर्ष लांबणार होते; शिष्यवृत्तीचा कालावधी उन्हाळ्यात संपत होता. तुकडा पिवळाच निघाला तर माझे लिहिणे खरे ठरेल, असा विचार मला आला, आणि तो आला हे मी इथे नोंदवून ठेवते.

बुधवारी सकाळी भट्टी उघडली. गणपतीच्या कानाला किंचित तडा गेला होता. त्याच्या पायाशी माझा तुकडा होता, गडद लाल. मी नखाने रेघ ओढली, नखच झिजले.

काकूंनी कानावर बोट फिरवले. “असू दे,” त्या म्हणाल्या. “त्याला तसंही सगळं ऐकू येतं. चल, गाडी काढते.”

तळमजल्यात

माती एकच, एवढे सिद्ध झाले होते. काळ एकच, हे नव्हे. त्याच ओढ्याची माती चाळीस वर्षांनीही कोणी वापरू शकतो. म्हणून मळ्यावर पोहोचल्यावर मी आधी तळमजल्याच्या कोठारांत शिरले. तिथे खांबांचे पाय गिलाव्याविना उघडे आहेत. ओल्या, थंड अंधारात, बॅटरीच्या वर्तुळात मी एकेक वीट पाहत गेले. आतल्या भिंतींच्या फटींतून फिकट पिवळ्या विटा डोकावत होत्या. म्हणजे नागपूरच्या भट्टीवाल्याचा नियम इथेही पाळला होता. मग एका लाल विटेच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा दिसला. दोन ओळी सोडून दुसरा. पुढे तिसरा.

साचा लाकडाचा असतो. त्याच्या कोपऱ्याचा टवका उडाला, की पुढच्या प्रत्येक विटेवर तेवढा उंचवटा येतो. आणि लाकूड रोज झिजत असल्याने तो वाढत जातो. मी तीन उंचवटे मोजले आणि स्वयंपाकघराकडे धावत गेले. मिस अर्नेस्टीन दारात पेकन सोलत बसली होती. तिला ओलांडून मी भिंतीशी गुडघे टेकले. बोटांच्या खुणांच्या विटेपासून हातभर खाली, पिवळ्या विटेच्या कोपऱ्यात, तोच उंचवटा. माप तेच. आणखी दोन सापडले.

“एकच साचा,” मी म्हटले. “एकच हंगाम. कदाचित एकच भट्टी. बाहेरच्या कडेच्या विटा इथे लावल्या, मधल्या तिकडे.”

“चांगल्या त्यांना, उरलेल्या चुलीला,” मिस अर्नेस्टीन म्हणाली. “हे तू मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं.”

“हो. विचारायला हवं होतं. माझी चूक झाली.”

तिने पेकनची वाटी बाजूला ठेवली. “मला सांगून काय उपयोग? मी मंडळात नाही.”

मिस्टर हॉलिस यांनी माझे सर्व ऐकून घेतले. भाजलेला तुकडा हातात घेऊन त्यांनी तो प्रकाशात धरला. मग तो टेबलावर ठेवला.

“डॉक्टर,” ते म्हणाले, “तुमचा पहिला कागद माझ्याकडे आहे. तो तसाच राहिला, तर शुक्रवारी दुपारी तुम्ही खांबांच्या विटा घेऊन जाल. दुसरा आला, तर मंडळ म्हणेल, या मुलीला दोन दिवसांत दोन मतं होतात. हिच्या हातात हातोडी कशाला द्यायची? मी काय सांगू त्यांना?”

“दुसरं मत पुराव्यासह आहे, असं सांगा.”

मी त्यांच्याच टेबलाशी बसून दीड पान लिहिले. पहिल्या वाक्यात लिहिले, की सोमवारचे माझे विधान चुकीचे होते. मग टंकयंत्रावर कार्बन कागद लावून त्याच्या दोन प्रती काढल्या. एक त्यांना दिली. दुसरी, मंडळाच्या बाकी सर्व सदस्यांसाठी, पाकिटात घालून मंडळाच्या सचिवाकडे दिली. मिस्टर हॉलिस यांनी मला दारापर्यंत पोहोचवले. त्यांचे अगत्य कणभरही कमी झाले नव्हते.

निघताना स्वयंपाकघरात गेले. ऊन उतरले होते आणि पिवळ्या विटा आतून प्रकाशल्यासारख्या दिसत होत्या. मिस अर्नेस्टीनने चुलीच्या डाव्या अंगाकडे हनुवटीने खूण केली. मी कॅलिपर पिशवीतच राहू दिला. चार खळग्यांपैकी एकाही खळग्यात माझे बोट मावले नाही. करंगळीचे टोक तेवढे एकात टेकले. वीट उन्हाने कोमट झाली होती.

“आजीचंही मावत नव्हतं,” ती म्हणाली, आणि एका खाकी पिशवीत पेकन-वड्या भरून माझ्या हातात दिल्या. “रिकाम्या खोक्यात ठेव.”

पुन्हा ॲन आर्बर

वड्या डेट्रॉइटला उतरेपर्यंत संपल्या. प्राध्यापकांनी सगळे ऐकले आणि इतकेच म्हणाले, की पाच मिनिटांत निष्कर्ष काढणाऱ्या व्यक्तीला पदवी द्यायची घाई त्यांनाही नाही. शिष्यवृत्ती संपल्यावर मी दोन सत्रे पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिकवून काढली.

मे महिन्यात लुइझियानातून दोन पत्रे आली. पहिले टंकलिखित होते: मंडळाने बसगाड्यांसाठी रस्त्यापलीकडचे शेत निश्चित केले आहे, स्वयंपाकघर आहे तसे राहील, मात्र या मालमत्तेतून यापुढे कोणालाही कोणताही नमुना काढता येणार नाही. दुसरे पेन्सिलीने लिहिलेले होते. त्यात मिस अर्नेस्टीनने कळवले होते, की मार्गदर्शक मुलगी आता पर्यटकांना मागेही घेऊन येते, आणि लोक बोटे घालून पाहतात. लहान मुलांची मावतात.

माझा प्रबंध यंदा पूर्ण झाला. त्यातल्या तक्त्यात बारा ओळी आहेत. अकरांपुढे तापमान, आक्रसण आणि सच्छिद्रतेचे आकडे आहेत. बाराव्या ओळीत आकड्यांच्या जागी आडव्या रेघा आहेत आणि शेवटच्या रकान्यात टीप. परीक्षकांनी ती काढायला सुचवले होते; मी ती ठेवली आहे. ‘नमुना घेतलेला नाही. वीट भिंतीत आहे.’